बदली सालदार

सुकलाल भोंगऱ्याच्या बाजाराला गेला, तिथे मोठ्या ढोलापुढे नाचताना त्याचा पाय मोडला, आणि त्याच्या जागी प्रेमराजनानांच्या केळीवर कुत्रा कामाला आला.

हे वाक्य किरणने पुढे अनेकांना सांगून पाहिलं. ऐकणारा प्रत्येक जण "म्हणजे?" असं विचारतो. म्हणून थोडं सविस्तर सांगणं भाग आहे.

सुकलाल हा नानांचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी. सालदाराचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होतं आणि पुढच्या आखाजीला संपतं. मधे कुणाच्या लग्नासाठी, मयतासाठी किंवा होळीच्या आठवड्यातल्या भोंगऱ्यासाठी चार दिवस गेला, तर परत यायचं. येणं जमलंच नाही, तर बदली द्यायचा. भाऊ, मेहुणा, पुतण्या, कुणीही चालतो. काम अडू द्यायचं नाही आणि साल मोडू द्यायचं नाही, एवढाच नियम. तो कुठे लिहिलेला नाही, म्हणून तो आजवर कुणी मोडलेलाही नाही.

होळी होऊन पाच दिवस झाले. वरच्या डोंगरातल्या पाल गावाकडून केळी भरायला सावद्याकडे निघालेल्या एका रिकाम्या टेम्पोतून सुकलालची बायको जिवली नानांच्या दाराशी उतरली. तिच्या हातात सुती दोरी होती आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला टेंभुर्णीच्या पिकल्या फळाच्या रंगाचा एक कुत्रा होता.

"पाय मोडला त्याचा," जिवली म्हणाली. "आखाजीपावेतो येत नाय. बदली आणलाय."

"कुठंय?" नानांनी विचारलं.

"हा काय."

नानांनी कुत्र्याच्या मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"अगं, माणूस कुठंय?"

"माणसं बठ्ठी मोहाची फुलं येचाले गेली. त्यानं सांगितलं, टेमरूले ने, काम अडणार नाय."

एवढं बोलून, चहा पिऊन, बशी विसळून पालथी घालून जिवली गेली. टेमरू राहिला. तो उंबऱ्याशी बसला आणि एखाद्या नव्या कारकुनाने साहेबाकडे पाहावं तसा नानांकडे पाहू लागला.

नानांची ओळख इथे करून द्यायला हवी. दीपनगरच्या वीजकेंद्रात त्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली. निवृत्त झाल्यावर गावी येऊन चार एकर केळी बघायला लागले. एकतीस वर्षं त्यांनी महाराष्ट्रासाठी वीज तयार केली आणि आता शेतीची लाइट कधी येते याची वाट बघत ते ओट्यावर बसतात. या विषयावर घरात कुणी विनोद करत नाही. नोकरीतल्या दोन गोष्टी त्यांनी गावी आणल्या. एक म्हणजे कडक पुठ्ठ्याचं नोंदवहीचं रजिस्टर, आणि दुसरा म्हणजे रिलीव्हर हा शब्द. पुढच्या पाळीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हे तत्त्व ते मुलाला, बायकोला आणि कधीकधी पाहुण्यांनाही लावतात.

"एकतीस वर्षांत," ते त्या संध्याकाळी म्हणाले, "माझा रिलीव्हर कधी चार पायांवर आला नाही. नाही म्हणजे, दिवाळीच्या रात्रपाळीला एक जण जवळजवळ तसा आला होता. पण तो माणूस होता."

नानांनी रजिस्टर उघडलं आणि निकाल दिला. आखाजीपर्यंत मुदत. तोवर या प्राण्याने शेतीच्या उपयोगाचं एक तरी काम करून दाखवलं, तर त्याचं साल धरू. नाही तर आखाजीला सुकलाल येईल त्याच्याबरोबर परत डोंगरावर, आणि इथे पुन्हा पाऊल नाही.

किरणच्या हे मनाला लागलं. किरण म्हणजे नानांचा मुलगा, पदार्थविज्ञानाचा एम.एस्सी. प्राध्यापक होण्याची परीक्षा दोनदा देऊन तो तिसऱ्यांदा अभ्यास करत घरी बसला होता. गावात त्याला रोज सरासरी चार माणसं "सध्या काय चाललंय?" असं विचारायची. सरासरी त्याने खरोखरच काढली होती. आणि हा प्रश्न न विचारता त्याच्या पायाशी तासभर बसणारा सजीव गावात एकच होता. त्याला आखाजीला जाऊ द्यायचं नाही, हे किरणने दुसऱ्याच दिवशी ठरवलं.

आता काम कोणतं शिकवायचं?

केळीला पाणी ठिबकने. चार एकरात एकशे बारा ओळी आणि प्रत्येक ओळीला काळी नळी. उन्हाळ्यात तहानलेल्या खारी ही नळी कुरतडतात. मग पाणी एका जागी फसफसत बसतं आणि ओळीच्या शेवटची केळी माना टाकतात. भोक दिसत नाही, कारण नळीवर वाळलेल्या पानांचा गुडघाभर थर. ते शोधायचं काम सुकलालचं. भर दुपारी तो केळीत शिरायचा आणि अर्ध्या तासाने बाहेर येऊन सांगायचा, "अडतिसावी ओळ, बांधापासून नववं खोड." तिथे भोक असायचंच. नाना गावभर सांगायचे, "आमच्या सुकलालचे कान म्हणजे यंत्र आहे. आमच्या प्लांटमध्ये असा माणूस असता तर वाफेची एक गळती राहिली नसती."

सुकलाल गेल्यापासून नाना आणि किरण दोघे आळीपाळीने केळीत फिरत होते. नानांना भोक सापडत नव्हतं आणि किरणला नाना सापडत नव्हते. मागच्या ओळींची पानं दुमडायला लागली होती. घड निसवून बाहेर आलेले. जूनमध्ये कापणी.

किरणने विचार केला की सुकलालचे कान जर हे काम करतात, तर कुत्र्याचे कान त्याच्या दुप्पट करतील. त्याने मुद्दाम नळीला भोक पाडलं, आवाज मोबाइलमध्ये ध्वनिमुद्रित केला, त्याची वारंवारता तपासली आणि वहीवर 'टेमरू: गळतीशोध' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. पद्धत अशी. अंगणात वाळलेल्या पानांचा ढीग करायचा, त्यात मोबाइल लपवायचा, फसफस आवाज लावायचा. टेमरूने तो शोधायचा, समोर बसायचं आणि उजवा पंजा वर करायचा. तसं केलं की एक केळीचा वेफर.

पहिल्या दिवशी टेमरूने वेफर शोधला. दुसऱ्या दिवशी वेफरची पिशवी. तिसऱ्या दिवशी मोबाइल. किरणने वहीत लिहिलं, 'प्रगती'. मोबाइलच्या काचेला गेलेल्या तड्याची नोंद त्याने वेगळ्या पानावर केली.

शेजारचे भिकनआबा रोज कुंपणाला टेकून उभे राहायचे.

"काय करून राह्यला रे किरन्या?"

"गळती शोधायला शिकवतोय, आबा."

"कुत्र्याले?"

"हो."

"तुले येते का शोधाले?"

"नाही."

"मंग त्याले कसं शिकोशीन?" किरणने हा प्रश्न वहीत उतरवून घेतला. आबांनी मग स्वतःच सल्ला दिला. "पोलिसाचे कुत्रे पाह्यले का? बठ्ठे इंग्रजी आयकतात. मराठी आयकलं का कुत्रं घरचं होते मंग. अन् घरचं झालं का काम करत नाही. तुह्यासारखं."

शेवटचे शब्द किरणने ऐकले नाहीत असं दाखवलं. पण तीन दिवस तो टेमरूला "सिट" म्हणत होता. टेमरू दमला की बसायचा, त्यामुळे तिसऱ्या दिवसापर्यंत इंग्रजीचे निकाल चांगले दिसत होते.

पलीकडच्या मोहिनीवहिनींचा सल्ला वेगळा. जनावराला आधी सुई टोचून घ्या, माझ्या घरात लहान पोर आहे. हे रास्त होतं. किरण टेमरूला मोटारसायकलवर पुढे बसवून जनावरांच्या दवाखान्यात गेला. तिथल्या खिडकीतल्या माणसाने अर्ज पुढे केला.

"मालकाचं नाव?"

"सुकलाल. पण तो डोंगरावर असतो. कुत्रा आमच्याकडे बदलीवर आहे."

"कुत्र्याची बदली होते?"

"नाही, हा सालदाराच्या बदली आला आहे."

माणसाने पेन खाली ठेवलं. "म्हणजे हा कामगार आहे की जनावर? जनावर असेल तर मालकाला आणा. कामगार असेल तर ही खिडकी नाही."

"मालकाचा पाय मोडलाय."

"मग ताबा दिल्याचं पत्र आणा."

"त्याला लिहिता येत नाही."

"अंगठा चालेल."

रांगेत मागे म्हैस धरून उभा असलेला माणूस तेवढ्यात म्हणाला, "कुत्र्याचाच घ्या ना अंगठा." रांग हसली. किरणला या हसण्याचा राग आला नसता, पण त्याच क्षणी टेमरूने उजवा पंजा वर केला. दवाखान्यातल्या निर्जंतुकीकरणाच्या भांड्यातून वाफ फुसफुसत होती. ही गोष्ट फक्त किरणच्या लक्षात आली. बाकी सगळ्यांना कुत्रा अंगठा द्यायला तयार आहे असं वाटलं. खिडकीतला माणूस इतका हसला की त्याने 'मालक' या रकान्यात 'स्वतः' असं लिहून सुई टोचायला आत पाठवलं. ते कार्ड आजही घरात आहे.

परतीच्या वाटेवर किरणला आनंद आवरेना. कुत्र्याने मोबाइल सोडून खरा आवाज ओळखला होता! वहीत त्याने लिहिलं, 'सामान्यीकरण झाले.' हे झालंच होतं. किती झालं होतं, ते पुढच्या पंधरा दिवसांत कळलं.

मोहिनीवहिनींच्या कुकरची शिट्टी झाली की टेमरू कुंपणाखालून जाऊन त्यांच्या ओट्यासमोर बसायचा आणि पंजा वर करायचा. बसस्टँडवरच्या चहाच्या स्टोव्हसमोर तो असाच एक अख्खी सकाळ बसला. पंक्चरवाल्याने तर त्याला दोन दिवस ठेवून घेतला. ट्यूब पाण्यात न बुडवताच भोक कळतं म्हणून तो खूश होता. तिसऱ्या दिवशी टेमरू फाट्यावर थांबलेल्या एका पाहुण्याच्या चांगल्या गाडीसमोर पंजा वर करून बसला. पंक्चरवाल्याने "साहेब, कुत्रा बसला म्हणजे भोक आहे" असं सांगून टायर खोलायला घेतलं. आवाज टायरचा नव्हता, गाडीतल्या एसीचा होता. त्यानंतर टेमरूला घरी सन्मानाने परत पाठवण्यात आलं. सन्मान म्हणजे पंक्चरवाला स्वतः सोडायला आला, एवढाच.

आणि नाना दुपारी झोपले की त्यांच्या नाकातून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. नाना डोळे उघडायचे तर समोर टेमरू, पंजा वर. "मी गळत नाहीये!" नाना ओरडायचे.

आईचं, म्हणजे हेमलताबाईंचं, मत मात्र बदलत चाललं होतं. एप्रिलच्या उन्हात पत्रा तापून आवाज करायचा. "मुकं जनावर आहे, उन्हात कशाला मारता त्याला?" म्हणून तिने टेमरूची जागा थेट कूलरसमोर केली. सकाळी अंगणात शिक्षण, संध्याकाळी अंगणात शिक्षण, आणि दुपारी अकरा ते पाच कूलर. वेळापत्रक किरणनेच भिंतीवर लावलं होतं. आईची तक्रार एकच होती. पंधरा दिवस झाले, डाळ शिजत नव्हती. वाण्याने जुनी डाळ दिली म्हणून ती त्याला रोज बोल लावायची, आणि स्वयंपाक करताना टेमरू मधे बसतो म्हणून त्याला हाकलायची. किरणच्या वहीत याचीही नोंद आहे. 'घरचा कुकर: शिट्टी नसतानाही समोर बसतो. कारण अज्ञात.'

आखाजीला दोन दिवस उरले आणि दोंडाईच्याहून तानुआत्या आली. ती नानांची थोरली बहीण. आखाजीला माहेरी यायचं हा नेम तिने चाळीस वर्षं मोडलेला नाही, आणि चाळीस वर्षांत तिची बोली मात्र पूर्ण सासरची झाली आहे. दारात पिशवी ठेवून तिने घर न्याहाळलं. कूलरसमोर कुत्रा, आणि कूलरच्या मागे घाम पुसत नाना.

"कारे भाऊ, हाऊ कोन शे?"

"सालदाराचा बदली, अक्का."

"अन् काम काय करस?"

नानांनी किरणकडे पाहिलं. किरणने वही उघडली. आत्याने हात वर करून वही बंद करायला लावली. "तुम्हना घरमा बठ्ठा उलटाच कारभार शे. पोऱ्या शिकेल शे, तो घरमा बठेल. कुत्रा शिकेल नही, त्याले शाळा."

नानांनी तिथेच जाहीर केलं, उद्या शेतात परीक्षा.

परीक्षेला किरण सकाळपासून जेवला नव्हता. नेमकी लाइट दिवसाची होती, दुपारी बारापासून. मोटारीच्या खोलीपाशी भिकनआबा, मोहिनीवहिनी, डोक्यावर ओला पंचा घेतलेली तानुआत्या आणि हातात रजिस्टर घेऊन नाना असे सगळे उभे. मागच्या ओळींत केळीची पानं छत्री मिटावी तशी दुमडलेली दिसत होती.  कुठेतरी आत मोठं भोक होतं आणि किरण ते दीड महिना शोधू शकला नव्हता.

मोटार सुरू झाली. किरणने दोरी सोडली. "शोध!"

टेमरूने कान टवकारले.  टेमरू चालत सरळ मोटारीच्या खोलीत गेला आणि फिल्टरवरच्या हवा सोडणाऱ्या झडपेसमोर बसला. पंजा वर.

"सापडली!" मोहिनीवहिनी म्हणाल्या.

"ती तिथंच असते, वहिनी," नाना म्हणाले. "ती गळायलाच बसवली आहे."

किरणने त्याला उचलून पहिल्या ओळीत नेऊन ठेवलं. टेमरू परत झडपेपाशी. असं सहा वेळा झालं. सहाव्या वेळी भिकनआबा म्हणाले, "शिकोलं तं बराबर बाप्पा. मास्तर हुशार हाय. शाळाच भलत्या जागी काढली." आत्या पदर तोंडाला लावून हसत होती. उन्हाचा पारा पंचेचाळीसच्या वर. टेमरूची जीभ हातभर बाहेर आली होती. सातव्यांदा किरण त्याला उचलायला वाकला, तेव्हा टेमरूने त्याच्याकडे एकदा पाहिलं, वेफरकडे एकदा पाहिलं, आणि दोन्ही सोडून केळीत शिरून नाहीसा झाला.

किरणने हाका मारल्या. मराठीत, आणि शेवटी इंग्रजीतही.

नानांनी घड्याळ बघून रजिस्टरमध्ये लिहिलं, 'दु. १.१०. रिलीव्हर जागा सोडून गेला.' मग मुलाच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी रजिस्टर मिटलं आणि जरा नरम आवाजात म्हणाले, "चल. ऊन लागेल." संध्याकाळी टेमरू आला नाही. किरण रात्री जेवला नाही. आईने कूलरसमोरच्या जागेवर कुणाला बसू दिलं नाही.

आखाजीच्या सकाळी, काठी टेकत, लंगडत, नवा पांढरा सदरा घालून सुकलाल आला. मागे जिवली. त्याने नानांना रामराम केला, आत्याला केला, आणि इकडेतिकडे पाहिलं. "टेमरू?"

 किरणच पुढे झाला. "काल परीक्षेत पळून गेला. केळीत. माझ्यामुळे."

"कवा?"

"एक दहाला," नाना म्हणाले. हे त्यांच्याकडे लेखी होतं.

"उनात? मोटार चालू होती?"

"होती."

"मंग पळाला कशाला म्हणता? कामावर गेला," सुकलाल म्हणाला आणि काठी टेकत निघाला.

भिकनआबांसकट सगळी वरात त्याच्या मागे. सुकलाल ओळी मोजत नव्हता, कान लावत नव्हता. तो खाली बघत होता. वाळक्या पानांवर पंजांची दबलेली वाट होती, ती धरून चालला होता. एकाहत्तराव्या ओळीत तो थांबला. तिथे टेमरू पोटापर्यंत चिखलात, पाय चारी दिशांना पसरून, गाढ झोपला होता. त्याच्या पोटाखाली कालचं पाणी अजून साचलेलं होतं. सुकलालने त्याला बाजूला सारलं, पानं उचलली. नळीला अंगठ्याएवढं भोक.

"उन तापलं का गार जागा पाह्यतो," सुकलाल म्हणाला. "गार जागा म्हनजे भोक. एक बुजवलं का दुसऱ्यावर जातो."

नानांच्या हातातलं रजिस्टर खाली आलं. "आणि तुझे कान?"

"माझे?" सुकलाल ओशाळला. "डाव्यानं तं आयकूच येत नाय, नाना. लहानपनी फटाका फुटला."

"सहा वर्षं मी गावभर सांगतोय!"

"तुमी चारचौघांत सांगत व्हते. मालकाले खोटं कसं पाडू?" मग जरा थांबून तो म्हणाला, "कामाचा तोच व्हता. दिवसभर केळीतच राह्यचा, घराकडं येत नव्हता, म्हनून तुमाले कधी दिसला नाय. मी त्याच्या मागं फिरायचो. म्हनून तं धाडला."

किरण चिखलात उकिडवा बसला होता. दीड महिन्याची वही, वारंवारता, आलेख, आणि या सगळ्या काळात त्याने काय केलं होतं? जगातला एकमेव तयार गळतीशोधक भर दुपारी कूलरसमोर बसवून ठेवला होता. भिकनआबांनी तोंड उघडलं. पण किरणचा चेहरा पाहून, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, ते बंद केलं.

घरी आल्यावर ओट्यावर साल ठरलं. नानांनी सुपारी ठेवली. सुकलालला वर्षाचे दोन जोड कपडे आणि पायताण, नेहमीसारखं.

"आणि याला?" नानांनी टेमरूकडे बोट केलं.

"दोन येळ भाकर. येफर सनावारी," सुकलालने त्याच्या वतीने सांगितलं. "अन् दुपारी कूलर नाय."

टेमरूने कूलरकडे पाहिलं. पण बोलणी मोठ्यांची चालली होती. नानांनी लिहिलं, 'सालदार: दोन. कूलर: बंद.' मग त्यांनी आणखी एक ओळ लिहिली आणि रजिस्टर मुलाकडे फिरवलं. 'पर्यवेक्षक: किरण, प्राध्यापकीचा निकाल येईपर्यंत.' किरण हसला. कालपासून पहिल्यांदा.

आत पुरणाची डाळ चढली होती आणि आई वाण्याचा उद्धार करत होती. टेमरू उठला, आत गेला, आणि गॅसच्या शेगडीजवळ कुकरसमोर बसून त्याने पंजा वर केला. शिट्टी झालेली नव्हती.

"हाकल गं त्याले," आत्या म्हणाली.

"थांब आत्या!" किरण धावत आत आला. त्याने गॅस बंद केला, वाफ जिरू दिली, झाकण काढलं आणि आतली रबरी रिंग बाहेर ओढली. ती एका बाजूने नखभर चिरलेली होती; वाफ तिथूनच निसटत होती.

आईने रिंग हातात घेऊन उजेडात धरली. मग वाण्याच्या दुकानाच्या दिशेला बघून तिने हात जोडले. मग तिने डब्यातून एक वेफर काढून टेमरूला दिला, आणि दुसरा, जरा विचार करून, मुलाच्या हातावर ठेवला.